संग्रहालयांतील मूक आधार

वस्तुसंग्रहालयांत जाणारा मनुष्य वस्तु पाहतो. ती वस्तु कशावर बसली आहे, कशाला टेकली आहे, कशानें तोलून धरली आहे, हें तो पाहत नाहीं. किंबहुना त्यानें तें पाहूं नये, अशीच योजना केलेली असते. मखमलीवर मांडलेलें नाणें, अधांतरी उभी असल्यासारखी वाटणारी मृण्मूर्ति, कांचेच्या कपाटांत ओळीनें लावलेले शंखशिंपले, या सर्वांच्या मागें अगर खालीं एक मूक आधार असतो. जो दिसत नाहीं तोच चांगला आधार, ही समजूत संग्रहालयांच्या जगांत फार दिवस रूढ होती. परंतु जें दिसत नाहीं तें निरुपद्रवीच असतें, असें नव्हे. गेल्या दीडशें वर्षांचा संग्रहालयांचा इतिहास पाहिला तर असें आढळतें कीं, चोर, आग आणि वाळवी यांच्यापासून मोठ्या दक्षतेनें जपलेल्या कित्येक वस्तूंची हानि त्यांना धरून ठेवणाऱ्या लोखंडानें, लांकडानें आणि कापडानेंच केली. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार होता. तो उघडकीस कसा आला आणि त्यांतून नवीं द्रव्यें व नवे नियम कसे निघाले, ही कथा ऐकण्यासारखी आहे.

आरंभीं संग्रहालयांपुढें प्रश्न एकच होता, आणि तो म्हणजे वस्तु पडूं नये. या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाचें सरळ उत्तर होतें लोखंड. सन १८५८ मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत हॅडनफील्ड येथें एका डायनोसोराचीं हाडें सांपडलीं. तीं संख्येनें थोडीं होतीं. कवटी तर नव्हतीच. दहा वर्षांनीं, १८६८ मध्यें, बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या इंग्रज शिल्पकारानें जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाच्या साह्यानें फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमींत लोखंडी चौकट उभारली, तिच्यावर तीं हाडें बसविलीं आणि जें उणें होतें तें प्लास्टरनें भरून काढलें. डायनोसोराचा उभा केलेला हा जगांतील पहिला सांगाडा होय. तो पाहण्यास लोकांची इतकी रीघ लागली कीं, पुढें अकादमीला अधिक मोठ्या इमारतींत जावें लागलें.

याच काळांतील दुसरें उदाहरण बेल्जममधील आहे. सन १८७८ मध्यें बेर्निसार येथील कोळशाच्या खाणींत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉन जातीच्या डायनोसोरांचे तीसच्या आसपास सांगाडे सांपडले. हाडांत लोह व गंधक यांचें संयुग असलेलें माक्षिक भरलेलें होतें. वारा लागतांच तें विघटित होऊं लागे आणि हाडांचा भुगा होई. तीं प्लास्टरमध्यें लपेटून ब्रुसेल्सला आणण्यांत आलीं. तेथें एका जुन्या प्रार्थनामंदिरांत मोठा मांडव उभारून, एकेक हाड दोरांनीं टांगून, त्याची जागा निश्चित करून, मग त्याला लोखंडाचा आधार देण्यांत आला. पहिला सांगाडा १८८२ मध्यें उभा राहिला. त्या वेळच्या शास्त्रज्ञांची कल्पना अशी कीं, हा प्राणी कांगारूप्रमाणें शेपटीवर टेकून ताठ उभा राहत असे. त्याची शेपूट स्वभावतः सरळ व ताठ होती. परंतु कल्पनेंतील बैठकींत बसावी म्हणून ती वांकविण्यांत आली. पुढें मत बदललें. हा प्राणी पाठ आडवी ठेवून चालत असे, असें ठरलें. परंतु तोंपर्यंत हाडें इतकीं ठिसूळ झालीं होतीं कीं, तीं लोखंडावरून उतरवून पुन्हा मांडणें धोक्याचें होतें. ज्ञान पुढें गेलें आणि सांगाडे जुन्याच चुकीच्या आसनांत उभे राहिले. आधार एकदां वस्तूशीं कायमचा जखडला म्हणजे तो वस्तूबरोबर त्या काळचें अज्ञानही जखडून ठेवतो, हा या उदाहरणाचा बोध आहे.

लोखंडाचा दुसरा दोष त्याच्या स्वभावांतच आहे. तें गंजतें, आणि गंज मूळ धातूपेक्षां पुष्कळच अधिक जागा व्यापतो. हाडाच्या किंवा दगडाच्या पोटांत भोंक पाडून बसविलेली सळई गंजली कीं ती आंतून फुगते आणि ज्याला धरावयाचें त्यालाच फोडते. याचें अत्यंत ठसठशीत उदाहरण संग्रहालयाबाहेर, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरांत घडलें. प्राचीन ग्रीक कारागिरांनीं संगमरवराचे चिरे लोखंडी पकडींनींच जोडले होते. परंतु त्या पकडींभोंवतीं वितळलेलें शिसें ओतून त्यांनीं लोखंडाला हवापाण्यापासून दूर ठेवलें होतें. सन १८९८ पासून १९३३ पर्यंत निकोलाओस बालानोस या स्थापत्यविशारदानें मंदिराची डागडुजी केली, ती मात्र शिशाचें हें कवच न देतां. थोड्याच दशकांत लोखंड फुगलें व संगमरवर तडकला. सन १९७५ मध्यें ग्रीक सरकारनें नवी समिति नेमली, आणि पुढील कामांत लोखंडाच्या जागीं न गंजणारा टायटॅनियम धातु वापरण्यांत आला. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या गवंड्याला जें ठाऊक होतें त्याचा विसर विसाव्या शतकाला पडावा, हें आश्चर्य खरें. परंतु संग्रहालयांतील मूर्तींच्या आंत बसविलेल्या सळयांनींही हाच अनर्थ अनेक ठिकाणीं केला आहे.

लोखंडाचा उपद्रव निदान डोळ्यांना दिसतो. लांकडाचा दिसत नाहीं, म्हणून तो अधिक काळ लपून राहिला. युरोपांतील संग्रहालयांचीं उत्तम कपाटें, खण आणि बैठका ओक वृक्षाच्या लांकडाच्या असत. टिकाऊ, देखणें व घट्ट असें हें लांकूड. अशा खणांत ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी पूड जमते, त्यांची झळाळी जाते आणि हळूहळू त्यांचा पृष्ठभाग झडून जातो, असें संग्राहकांना दिसूं लागलें. सन १८९९ मध्यें बाइन नांवाच्या इंग्रज संग्राहकानें याविषयीं लेख लिहिला. त्याच्या मतें हा जंतूंपासून उत्पन्न होणाऱ्या आम्लाचा विकार होता व तो एका शिंपल्यापासून दुसऱ्यास लागत असे. त्यावरून या विकाराला ‘बाइनचा रोग’ असें नांव पडलें. संग्राहक शिंपले धुऊं लागले, त्यांवर जंतुनाशकें लावूं लागले, आणि धुतलेले शिंपले पुन्हा त्याच ओकच्या खणांत ठेवूं लागले!

वास्तविक येथें रोग नव्हता व रोगजंतूही नव्हते. सन १९३४ मध्यें निकोल्स या रसायनज्ञानें ओकच्या कपाटाकडे बोट दाखविलें. सन १९४५ मध्यें व्हान टासेल या बेल्जियन शास्त्रज्ञानें खणांतील चुनखडीच्या नमुन्यांवर जमलेल्या क्षारांत शिरक्याचें, म्हणजे व्हिनेगरचें, आम्ल असल्याचें दाखवून दिलें. आणि १९८५ मध्यें टेनंट व बेअर्ड यांनीं शिंपल्यांवरील पुडीचें पृथक्करण करून शंकेला जागा ठेवली नाहीं. लांकडाच्या घटकांतच या आम्लाचा अंश बद्ध असतो. हवेंतील ओलाव्यानें तो मोकळा होतो व वाफेच्या रूपानें सतत बाहेर पडत राहतो. उघड्या खोलींत ती वाफ विरून जाते. बंद कपाटांत ती सांचते. शंख, शिंपले, अंड्यांचीं कवचें हीं सर्व चुन्याचीं असल्यामुळें आम्लापुढें त्यांचा टिकाव लागत नाहीं. म्हणजे धूळ आंत जाऊं नये म्हणून कपाट जितकें घट्ट बंद करावें, तितका आंतील वस्तूचा घात अधिक.

हीच वाफ शिशावर अधिक क्रूरपणें काम करते. शिशाची नाणीं, मुद्रा व पदकें ओकच्या खणांत ठेवल्यास त्यांवर पांढरें पीठ चढतें आणि अखेर अक्षरेंही झडून जातात. यांतील विनोद असा कीं, ही प्रक्रिया माणसाला दोन हजार वर्षांपासून माहीत होती. रंगारी जो सफेदा वापरतात तो पूर्वीं याच रीतीनें करीत. शिशाचे पत्रे शिरक्याच्या भांड्यांवर ठेवावयाचे, भोंवतीं शेण अगर साल यांची ऊब द्यावयाची, आणि कांहीं महिन्यांनीं पत्र्यांवरील पांढरा थर खरवडून घ्यावयाचा. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें ही कृति वर्णिली आहे. सफेदा करणारा जें हेतुपुरस्सर करीत होता, तेंच संग्रहालयाचें कपाट नकळत करीत होतें. आणि त्या सफेद्याकरितां खर्ची पडत होती ती इतिहासाचीं साधनें.

कापड, रबर व पुठ्ठा यांचीही कथा याहून निराळी नाहीं. चांदीच्या वस्तूंखालीं मऊ म्हणून लोंकरीचें फेल्ट अंथरीत. परंतु लोंकरींत गंधक असतो. त्याचा वायु हळूहळू सुटतो व चांदी काळी पडते. रबर टिकाऊ करण्यासाठीं त्यांत गंधकच घालतात, त्यामुळें रबराची पट्टी चांदीवर आपली काळी खूण उमटविते. चित्रें व हस्तलिखितें लांकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यावर चढवीत. पुठ्ठ्यांतील आम्ल कागदांत उतरे आणि चौकटीच्या कडेनें तपकिरी पट्टा उठे. जुन्या घरांतील भिंतीवरच्या पूर्वजांच्या छायाचित्रांभोंवतीं हा तपकिरी पट्टा अनेकांनीं पाहिला असेल. काळाचा परिणाम म्हणून तो सहज मानला जातो. पुष्कळदां तो पाठीमागच्या पुठ्ठ्याचा परिणाम असतो.

संग्रहालयांत रसायनशास्त्राचा प्रवेश झाला तो एका आपत्तीमुळें. पहिल्या महायुद्धांत हवाई हल्ल्यांच्या भीतीनें ब्रिटिश म्युझियममधील अनेक मोलाच्या वस्तू लंडनच्या भुयारी मार्गांत हलविण्यांत आल्या. युद्ध संपल्यावर त्या परत आल्या तेव्हां लोखंड गंजलेलें, कांशावर हिरवे डाग पडलेले आणि दगड व माती यांवर क्षार फुललेले आढळले. या हानीची चौकशी करण्यासाठीं अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञास पाचारण करण्यांत आलें, आणि १९२० मध्यें तेथें प्रयोगशाळा सुरू झाली. हिंदुस्थानांतही याची जाणीव फार उशिरां झाली असें नाहीं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत १९३० मध्यें रासायनिक जतनाची प्रयोगशाळा निघाली, व तेथें एस्. परमशिवन् यांनीं दक्षिणेंतील प्राचीन कांस्यमूर्तींवरील मारक क्षार विजेच्या साह्यानें काढून टाकण्याचें काम केलें.

तथापि वस्तूवर उपचार करणें निराळें आणि तिच्या आधाराची परीक्षा करणें निराळें. ही परीक्षा सर्वमान्य होण्यास आणखी अर्धशतक लागलें. सन १९७३ मध्यें ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनीं, प्रदर्शनाच्या साहित्यांतच लपलेल्या धोक्याविषयीं एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्यांनीं सुचविलेली कसोटी इतकी साधी आहे कीं, ती पूर्वींच कोणास कशी सुचली नाहीं याचें नवल वाटावें. जें लांकूड, कापड, रंग किंवा गोंद कपाटांत वापरावयाचा असेल त्याचा लहान तुकडा कांचेच्या नळींत घालावयाचा. सोबत थोडें पाणी, आणि शिसें, तांबें व चांदी यांचे घांसून स्वच्छ केलेले तुकडे ठेवावयाचे. नळी घट्ट बंद करून ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत २८ दिवस ठेवावयाची. दुसऱ्या एका नळींत नुसते धातूचे तुकडे व पाणी ठेवावयाचें, म्हणजे तुलना करतां येते. शिसें पांढरें पडलें तर आम्लाची वाफ आहे. चांदी काळी पडली तर गंधक आहे. तांब्याचा रंग बदलला तर क्षार, आम्ल किंवा गंधक यांपैकीं कांहीं आहे, असा निर्णय करावयाचा. त्यावरून तें द्रव्य कायमचें वापरण्यास योग्य, कांहीं महिन्यांच्या प्रदर्शनापुरतें योग्य, किंवा सर्वथा त्याज्य, अशा तीन वर्गांत घातलें जातें. जगांतील संग्रहालयें आज ही कसोटी कांहीं फेरफारांसह वापरतात. तिच्या योगें एक मोठा पालट झाला. पूर्वीं आधाराला केवळ बळाची व देखणेपणाची परीक्षा द्यावी लागे. आतां त्याला सच्छीलतेचीही परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेंत कोण उतरलें? नव्या द्रव्यांपैकीं अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा उतरला. प्लेक्सिग्लास व पर्स्पेक्स या नांवांनीं तो १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आला आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या पारदर्शक छतांसाठीं वापरला गेला. तो कांचेसारखा दिसतो, तापविल्यावर हवा तसा वांकतो आणि अपायकारक वाफ सोडीत नाहीं. त्यावर ओरखडे उमटतात आणि घांसल्यास धूळ चिकटते, एवढेच त्याचे दोष. पॉलिथिनचा शोध १९३३ मध्यें इंग्लंडांत लागला. त्यापासून केलेला, मिटलेल्या छिद्रांचा मऊ फेस वस्तूच्या आकाराप्रमाणें कापून तिच्याखालीं देतां येतो. पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा लांकूड व वस्तु यांच्यामध्यें पडदा म्हणून उपयोगी पडतो. परंतु नवें तें सर्व चांगलें, असा समज मात्र येथें घातक ठरतो. पी. व्ही. सी. मधून कालांतरानें लवणाम्ल सुटतें. पॉलियुरेथेनचा फेस कांहीं वर्षांत चिकट होऊन भुग्याप्रमाणें गळूं लागतो. सेल्युलॉइड तर नत्राचे जळजळीत वायु सोडतें. आणि भुशाच्या दाबीव फळ्यांतील चिकटद्रव्यांतून निघणारी वाफ ओकच्या जोडीला बसते. म्हणून नांवावर किंवा किंमतीवर भरंवसा न ठेवतां प्रत्येक द्रव्य कसोटीला लावणें हाच मार्ग उरतो.

धातूंपैकीं आधार घडविणाऱ्यांचें आवडतें द्रव्य म्हणजे पितळ. लोखंडाप्रमाणें तें तांबेऱ्यानें फुगत नाहीं, हातानें वांकवितां येतें, त्याला डाख चांगला लागतो व कानशीनें त्याचीं टोकें हवीं तितकीं बारीक करतां येतात. कारागीर प्रथम वस्तूचा तोल कोठें आहे तें शोधतो. मग जेथें ती सर्वांत मजबूत आहे अशीं दोनतीन स्थळें निवडून तेथेंच तिला टेकूं देतो. सळई वस्तूच्या वळणाबरहुकूम वांकवितो, वस्तु सळईच्या वळणानें दाबीत नाहीं. शेवटीं पितळेवर अ‍ॅक्रिलिकचा लेप देऊन जेथें स्पर्श होतो तेथें फेसाची पातळ गादी बसवितो. हें अस्तर कशासाठीं, तें महाराष्ट्रांतील गृहिणीला सांगावयास नको. पितळेच्या भांड्यांत ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून भांड्याला कल्हई लावतात. धातु आणि आंबट पदार्थ यांचा थेट संबंध येऊं द्यावयाचा नाहीं, हें त्यांतील तत्त्व. संग्रहालयांतील अस्तर म्हणजे आधाराची कल्हईच होय; फरक इतकाच कीं, येथें आधारापासून वस्तूचा बचाव करावयाचा असतो.

द्रव्यांबरोबर नियमही पालटले. त्यांतील पहिला नियम असा कीं, आधारासाठीं वस्तूंत भोंक पाडूं नये. दुसरा, आधार केव्हांही काढतां यावा. तिसरा, धक्का बसल्यास आधार वांकावा, वस्तु मोडूं नये. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत टायरॅनोसॉरसचा सांगाडा १९१५ मध्यें ताठ उभा करण्यांत आला होता. नव्या ज्ञानास अनुसरून तो उतरवून आडव्या पाठीच्या आसनांत मांडण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें. उलट, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्यें २००० मध्यें ‘सू’ नांवानें प्रसिद्ध असलेला त्याच जातीचा सांगाडा उभा राहिला, तेव्हां प्रत्येक हाडासाठीं बाहेरून धरणारी पोलादी पकड करण्यांत आली, आणि कोणतेंही हाड एकटें काढून अभ्यासकाच्या हातीं देतां येईल अशी सोय झाली. ब्रुसेल्समधील सांगाड्यांना जें नशिबीं आलें नाहीं तें याला लाभलें. उद्यां मत बदललें तर हाडेंही आपलें आसन बदलूं शकतील.

हा प्रश्न परदेशांतील श्रीमंत संग्रहालयांचाच आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. उलट मुंबईसारख्या शहरांत तो अधिक तीव्र आहे. भायखळ्याचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, म्हणजेच आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्यें उघडलें. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजेच आजचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्यें. दोन्हीं समुद्राच्या वाऱ्याच्या टप्प्यांत. पावसाळ्यांत येथील हवेंत ओलावा इतका असतो कीं, लांकडांतून आम्ल सुटण्यास आणि धातूवर त्याचें काम होण्यास तो अनुकूलच ठरतो. खारा वारा कांशाला वेगळाच जाच करतो. आपलें सागवान ओकइतकें उग्र नाहीं. परंतु पूर्णपणें निर्दोष असें लांकूड कोणतेंच नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं पितळी दिवे, लोखंडी अडकित्ते, हस्तिदंत, वस्त्रें व चित्रें एकाच छताखालीं नांदतात. एकाला मानवणारें आसन दुसऱ्याला विष ठरूं शकतें.

येथें खर्चाची सबब पुढें येते, आणि ती सर्वस्वी खोटी नाहीं. लहान गांवच्या संग्रहालयाला पोलादी कपाटें व परदेशी फेस परवडत नाहीं. परंतु कांचेची नळी, तीन धातूंचे तुकडे, थोडें पाणी, महिनाभर कायम राहील अशी ऊब आणि तितकीच धीराची नजर, यांना फार द्रव्य लागत नाहीं. जुनें लांकडी कपाट टाकून देतां येत नसेल तर वस्तु आणि लांकूड यांच्यामध्यें पडदा घालतां येतो. शिशाचीं व शिंपल्यांचीं वस्तुजातें तेवढीं लांकडापासून दूर ठेवतां येतात. चांदीखालची लोंकर काढून तेथें स्वच्छ धुतलेलें सुती कापड अंथरतां येतें. ठेवणींतली पैठणी पांढऱ्या, खळ गेलेल्या मऊ सुती कापडांत बांधून ठेवण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. त्या चालीमागें रसायनशास्त्र नव्हतें, अनुभव होता. आज शास्त्रानेंही धुतलेल्या सुती कापडाला पसंति दिली आहे. ज्या घरांत चांदीचीं भांडीं रबरानें बांधलेलीं असतील, अगर वडिलांचें छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटविलेलें असेल, तेथेंही हीच दक्षता तितकीच लागू आहे.

संग्रहालयांतील वस्तु बहुधा एकच असते. तिची दुसरी प्रत नसते. शिशाच्या मुद्रेवरील अक्षर एकदां झडलें कीं त्या राजाचें नांव सांगणारा एक साक्षीदार कमी झाला. शिंपल्याची नक्षी पुसली गेली कीं त्या जातीची ओळख पटविणारी खूण गेली. युद्धें आणि लूट यांतून वांचून आलेल्या अशा वस्तूंना अखेरचा आश्रय म्हणून जी जागा मिळते, तिनेंच त्यांना झिजवूं नये, एवढीच अपेक्षा आहे. आधारानें भार सोसावा, पण आपला गुण वस्तूला लावूं नये. जवळ असावें, पण बिलगूं नये. आणि बोलावतांच बाजूला व्हावें. संग्रहालयांना हें शिकण्यास शंभर वर्षें लागलीं, आणि त्या शिक्षणाची फी वस्तूंनीं आपल्या देहानें भरली.